ईस्टरला चॉकलेटशिवाय एग हंट, जळगावच्या उन्हात

एग हंट म्हणजे ईस्टरला लपवलेली, बहुतेकदा चॉकलेटची, अंडी पोरांनी शोधायचा खेळ. ईस्टर मार्च-एप्रिलात येतो, आपल्याकडे जळगाव-भुसावळला तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि चॉकलेट ३४ अंशाच्या आसपासच वितळायला लागतं, त्यामुळे अंगणात लपवायचा विचारच सोडा. उघडणारी प्लास्टिकची अंडी घ्या, आत स्टिकर, खोडरबर, केळीचे वेफर्स, किंवा नुसती चिठ्ठी, "आज गोष्ट तू निवडायची", "उद्या सायकलवर चक्कर", पोरांना या चिठ्ठ्याच जास्त आवडतात बघा. पाच वर्षांखालच्यांच्या अंड्यात शेंगदाणे, मणी अजिबात नको, घशात अडकतात.

प्रत्येक पोराला एक रंग ठरवून द्या आणि सगळ्यांना सारखीच अंडी, म्हणजे मोठे सगळं पळवत नाहीत न्‌ धाकटे रडत नाहीत, हे तर कराच! लपवताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे एखादं अंडं राहिलं तर सापडेल.

खरी अंडी हवी असतील तर कांद्याची सालं आणि चमचाभर व्हिनेगर टाकून उकडा, मस्त विटकरी रंग येतो, हळदीने पिवळा. पण ती घरातच लपवा, ३२ अंशांच्या वर तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेलं अंडं खाऊ देऊ नका. आणि खेळ सकाळी आठच्या आत उरका.