गरब्याचे पास आणि ९९.९ टक्के: नवरात्रीआधी टीमने करायची तयारी

बडोद्यात गरब्याच्या पासांचं ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या टीमने आपली उद्दिष्टं आषाढातच कागदावर आणावीत. श्रावणभर मोजणी चालते, काय बिघडतंय ते कळतं आणि दुरुस्तीला भाद्रपद मोकळा मिळतो. “यंदा सिस्टीम पडता कामा नये” हे मीटिंगमध्ये बोलायला ठीक आहे. पण महिनाअखेरीला ते पाळलं गेलं की नाही, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही.

आधी काय मोजायचं ते ठरवा. सीपीयू आणि मेमरी बाजूला ठेवा, पास घेणाऱ्याची कामं मोजा: पास निवडणं, पैसे भरणं, फाटकावर क्यूआर कोड स्कॅन होणं. तीनच पुरेत. प्रत्येकापुढे “जमलं” कशाला म्हणायचं ते एका वाक्यात लिहा, जसं की पेमेंटची विनंती २ सेकंदांच्या आत आणि आपल्या बाजूच्या चुकीशिवाय पूर्ण झाली. सर्व्हर प्रत्येक विनंतीच्या उत्तरासोबत एक आकडी कोड पाठवतो; त्यातले ५०० च्या घरातले सगळे, म्हणजे सर्व्हरच्या चुकीचे, अपयशात धरा. ४०० च्या घरातले बहुतेक ग्राहकाच्या चुकीचे, ते वगळले तरी चालतील. पण ४२९ वगळू नका. फार विनंत्या आल्या म्हणून आपणच ग्राहकाला माघारी पाठवलं, असा त्याचा अर्थ.

मोजणी लोड बॅलन्सरच्या (आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगवरून करा. ॲप्लिकेशनच्या लॉगवर विसंबलात तर ॲप्लिकेशन बसलं की चुकांची नोंदही थांबते आणि डॅशबोर्ड हिरवाच दिसत राहतो. जोडीला दोन वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या लाइनवरून दर मिनिटाला बाहेरची तपासणी ठेवा. तिने नुसतं हेल्थचं पान उघडू नये, कारण डेटाबेस बंद असतानाही ते पान बिनदिक्कत २०० (“सगळं ठीक”चा कोड) देऊ शकतं. चाचणीचा एक पास बुक करून तो रद्द करायला लावा.

आता आकडा. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद बंद राहण्याची मुभा. ९९.९९ म्हटलं की ती ४ मिनिटं १९ सेकंदांवर येते. फोन वाजून माणूस जागा होईतो, लॅपटॉप उघडून व्हीपीएन जोडेतो एवढा वेळ निघून जातो. तेव्हा आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर वळण्याची सोय नसेल तर हा आकडा लिहूच नका. मागच्या २८ दिवसांचे आकडे काढा (पूर्ण चार आठवडे, म्हणजे शनिवार-रविवार सारखे येतात) आणि तिथून एक पायरी वर चढा. सध्या ९९.६ असाल तर ९९.८ हे प्रामाणिक उद्दिष्ट आहे.

पण मिनिटांचा हिशेब पासविक्रीला अपुरा पडतो, आणि इथेच बहुतेक टीम फसतात. समजा महिन्याला १२ लाख विनंत्या येतात. ९९.९ टक्क्यांनी त्यातल्या १,२०० फसल्या तर चालतील. विक्री उघडल्यावर पहिल्या १० मिनिटांत १ लाख विनंत्या आल्या आणि २ टक्के फसल्या, तर २,००० लोक रिकाम्या हाताने परतले. महिन्याची सगळी मुभा संपून वर उधारी झाली. मिनिटांच्या हिशेबात मात्र सिस्टीम एक क्षणही बंद नव्हती. उलट पहाटे तीनला १० मिनिटं सर्व्हर पडला तर मोजकीच माणसं अडतात. म्हणून उद्दिष्ट विनंत्यांच्या टक्क्यांत ठेवा आणि विक्रीच्या पहिल्या तासासाठी वेगळं लिहा.

पेमेंट गेटवे, एसएमएसवाला आणि क्लाउड, तिघेही ९९.९ देत असतील आणि तुमचं काम एकापाठोपाठ तिघांवर अवलंबून असेल, तर हाती ९९.७ च येतात, म्हणजे महिन्याला जवळपास २ तास १० मिनिटं. एसएमएस या साखळीतून बाहेर काढा. पैसे जमा होताच क्यूआर पानावर दाखवा, एसएमएस मागाहून रांगेतून जाऊ दे.

मुभा संपली तर काय करायचं, हे आधीच लिहून त्यावर विक्री सांभाळणाऱ्यांचीही सही घ्या. निम्मी संपली की नवे डिप्लॉय (बदल सर्व्हरवर चढवणं) फक्त सकाळी. पूर्ण संपली की फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे पॅच. अशी सही नसेल तर ऐन गर्दीत “एवढं एक फीचर जाऊ दे” म्हणणाऱ्याला अडवायला काहीच हाती राहत नाही.

अलर्टचे आकडेही याच मुभेवरून काढा. मुभा बरोबर महिनाभर पुरेल त्या वेगाच्या १४.४ पट वेगाने ती तासभर जळत असेल, म्हणजे महिन्याच्या वाट्यातले २ टक्के एका तासात गेले, तर फोन वाजला पाहिजे. सहा तासांत ६ पट वेग असेल तरीही वाजावा. त्याहून हळू जळत असेल तर सकाळी पाहायला टिकेट पुरे.

टीमचं उद्दिष्ट म्हणून “बिघाडांची संख्या कमी करणे” कधीही लिहू नका. माणसं बिघाड लपवू लागतात. सरासरी दुरुस्तीवेळही फसवा आहे: २ मिनिटांचे नऊ बिघाड आणि ३ तासांचा एक, सरासरी २० मिनिटांच्याही आत. त्याऐवजी बिघाड ५ मिनिटांत कळणं, रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परतणं) १० मिनिटांत होणं, आणि बिघाडानंतरच्या प्रत्येक कामापुढे एक नाव व एक तारीख असणं हे मोजा. बॅकअप “यशस्वी” झाल्याचा मेल धरू नका. तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, घड्याळ लावा, शेवटचा पास किती वाजताचा सापडला ते टिपा.

लोड टेस्ट गेल्या वर्षीच्या शिखराच्या दुप्पट भाराने घ्या. दोन गोष्टी हमखास उघड्या पडतात. आठ ॲप सर्व्हर, प्रत्येकी डेटाबेसशी ५० कनेक्शनचा पूल, म्हणजे ४००; पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १००. आणि विनंती फसल्यावर ॲप, सर्व्हर अशा एकामागच्या एक तीन थरांनी प्रत्येकी तीनदा प्रयत्न केला की एका क्लिकच्या २७ विनंत्या होतात. प्रयत्न एकाच थराने करावेत, थांबून थांबून आणि दर वेळी कमीजास्त अंतराने.

वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट (https चं) संपायला ३० दिवस उरले की वाजेल असा अलर्ट लावा. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ पासून १०० दिवस. वर्षातून एकदा आठवणीने बदलण्याची सवय आता उपयोगाची नाही. ऑफिसात सर्व्हर असेल तर तो तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं.

फाटकावर हजारो फोन एकत्र आले की मोबाइल नेटवर्क गुदमरतं, म्हणून स्कॅनर ऑफलाइन चाललाच पाहिजे. क्यूआरवर डिजिटल सही असू दे आणि रद्द पासांची यादी संध्याकाळीच उतरवून ठेवा. ऑफलाइनमध्ये एकच पास दोन फाटकांवर चालू शकतो, म्हणून पासावर फाटक क्रमांक छापा.

ऑन-कॉलची (बिघाड झाला तर फोन घेण्याची) पाळी नऊ रात्रींसाठी दोघादोघांची लावा आणि ती टीममधल्यांनी स्वतःचे पास घेण्याआधी जाहीर करा.