परतीच्या वाटेवरचं पीक

शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल म्हणजे गाडीची बॅटरी. प्लाँतेने ती 1859 मध्येच बनवली, मग आता त्यात शोधायचं काय उरलंय, असं मलाही वाटायचं. प्रयोग दिसायला साधा: शिशाचा इलेक्ट्रोड आम्लात बुडवायचा, त्याचं पोटेन्शियल (विद्युत विभव) हळूहळू वर न्यायचं, मग परत खाली आणायचं आणि करंटचा आलेख काढायचा. पण पहिले तीन आठवडे माझे दोन आलेख काही एकमेकांशी जुळेनात.

निम्मा घोळ पॉलिशचा होता. शिसं इतकं मऊ की पॉलिश पेपरचे कण त्यातच रुतून बसतात. हात हलका ठेवा. पेपर ओलाच हवा, कोरडं घासलं तर शिशाची धूळ नाकात जाते. चकचकीत केलेला पृष्ठभाग हवेत बघता बघता काळवंडतो, म्हणून आम्लात बुडवल्यावर आधी ऋण पोटेन्शियलला धरून वरचं ऑक्साइड घालवायचं. रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतो तो, मर्क्युरस सल्फेटचा घ्या. सिल्व्हर क्लोराइडवाला हाताशी असतो खरा, पण त्यातून क्लोराइड झिरपतं आणि शिशाचं क्लोराइडशीही जमतं.

पोटेन्शियल वाढवत नेलं की करंट झपकन चढतो आणि तसाच कोसळतो. शिशावर लेड सल्फेट बसलेलं असतं. पुढे आलेख बराच वेळ आडवा. काहीच घडत नाहीये असं वाटतं, पण सल्फेटच्या थराखाली आम्ल पोचत नाही आणि तिथे गुपचूप लेड ऑक्साइड तयार होत असतं. आणखी वर गेलं की लेड डायऑक्साइड आणि ऑक्सिजन बरोबरच सुरू होतात. तिथला सगळा करंट एकाच्याच नावावर टाकू नका. मी टाकला होता.

खरी गंमत परतताना. पोटेन्शियल खाली येतंय, म्हणजे आता उलटी क्रिया, रिडक्शन, दिसायला हवी, आणि मध्येच ऑक्सिडेशनचं पीक (आलेखातलं टोक)! वायरी उलट्या लागल्या म्हणून मी सेल दोनदा खोलला. वायरी बरोबर होत्या. वरच्या थराला तडे जातात, उघडं पडलेलं ताजं शिसं लगेच ऑक्सिडाइझ होतं. शिशाचं सल्फेट झालं की त्याला अडीच पटींहून जास्त जागा लागते, तडे जाणारच. सरांनी एवढंच सांगितलं, "वरची मर्यादा कमी करून बघ." डायऑक्साइड बनण्याआधीच मागे वळलो, पीक गायब. मर्यादा वाढवली, पुन्हा हजर.

आणि हो, वापरलेलं आम्ल सिंकमध्ये ओतू नका. शिशाच्या कचऱ्याची बाटली वेगळी ठेवलेली असते.