रॅमचा वेग उतरवला, पीसी गोठणं थांबलं
रॅमच्या चार पट्ट्या बसवल्यापासून माझा पीसी मध्येच गोठायचा. माउस हलेना, निळी स्क्रीनही नाही, थेट बटण दाबूनच बंद करावा लागे. विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही. शेवटी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग, बंद केलं आणि गोठणं थांबलं.

पट्ट्यांवर ३६०० हा वेग छापलेला असला तरी तो ओव्हरक्लॉकच, म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त वेग. डीडीआर४ या रॅमच्या प्रकाराचा प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच जातो. शिवाय रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि चार पट्ट्यांचा भार त्याला जड जातो. म्हणून एक्सएमपी पुन्हा चालू करून फक्त वेग ३२०० वर आणला, १.३५ व्होल्ट तसेच ठेवले. रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं, एकही एरर नाही. व्होल्टेज वाढवून ३६०० गाठायच्या फंदात मी पडणार नाही. रॅममधला एक चुकलेला बिट फाइलही बिघडवू शकतो.