त्रिनिदाद-टोबॅगोची सहल कशी आखावी

नुसता निळा समुद्र आणि पांढरी वाळू हवी असेल तर लक्षद्वीप जवळ आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या कॅरिबियन देशात, विशेषतः त्रिनिदादला, जावं ते तिथल्या माणसांसाठी. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातले मजूर घेऊन इथे लागलं. उसाच्या मळ्यांत राबलेल्या त्या मजुरांचे आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज आज हा देश चालवतात. त्यामुळे सहल आखतानाही आधी त्रिनिदाद आणि मग टोबॅगोचे किनारे, असा क्रम ठेवावा.

१. महिना ठरवा

जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जूनपासून पाऊस. ही बेटं कॅरिबियनच्या दक्षिण टोकाला असल्यामुळे मोठी चक्रीवादळं इथे सहसा थेट धडकत नाहीत. ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधीचे (ॲश वेन्सडे) सोमवार-मंगळवार कार्निव्हलचे, म्हणजे रस्त्यावरच्या मोठ्या उत्सवाचे. ते पाहायचे असतील तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करावी लागते आणि दरही चढे असतात. मला विचाराल तर मार्च-एप्रिल उत्तम. गर्दी ओसरलेली असते, ऊन स्वच्छ असतं आणि ग्रँड रिव्हिएरच्या किनाऱ्यावर महाकाय लेदरबॅक कासवं अंडी घालायला येऊ लागतात. तिथे रात्री परवाना काढून, स्थानिक वाटाड्यासोबतच जायचं. फ्लॅश मारायचा नाही.

२. तिकिटाआधी कागदपत्रं

लोक इथेच अडकतात. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदादचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, तरी नियम बदलतात म्हणून दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. खरा प्रश्न वाटेतला आहे. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीवरून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडन, टोरोंटोचे नियम वेगळे. हातात कुठला व्हिसा आहे ते बघून मार्ग निवडा, स्वस्त तिकीट बघून नव्हे.

दुसरी गोष्ट पीतज्वराची (यलो फीव्हर) लस. भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निदान महिनाभर आधी नंबर लावा. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

३. त्रिनिदादला चार दिवस तरी द्या

कॅरोनीच्या दलदलीत दुपारी चारच्या सुमारास होड्या सुटतात. खारफुटीतून जाऊन होडी थांबते आणि सूर्य कलला की लालभडक स्कार्लेट आयबिस पक्ष्यांचे थवे एकेका झाडावर उतरू लागतात, हिरवं बेट बघता बघता लाल होतं. वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. शिवदास साधू या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. मग त्याने समुद्रात भर घालून ते पुन्हा उभं केलं, सायकलवरून सामान वाहत, वर्षानुवर्षं. ला ब्रेचं डांबराचं तळंही पाहण्यासारखं आहे, पण पायाखाली कुठे मऊ आहे ते कळत नाही, तेव्हा वाटाड्या घ्याच.

क्रिकेटवेड्यांसाठी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल मैदान. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथे. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७.

४. खाण्याची चिंता सोडा

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. सकाळी गाडीवर ‘डबल्स’ घ्या: हळद घातलेले दोन मऊ तळलेले ‘बारा’ (पुरीसारखा प्रकार), मध्ये रसदार चणे, वर काकडी आणि चिंच. तिखट किती, हे विक्रेता विचारतोच. ‘स्लाइट’ म्हणा, तिथली मिरची भयंकर असते. डेबे गावातल्या टपऱ्यांवर ‘सहिना’ मिळतो, अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेला. पहिल्या घासालाच आपली अळूवडी आठवते. जेवायला डाळ भरलेली धालपुरी आणि भोपळ्याची भाजी.

५. सुरक्षितता आणि सामान

पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत गुन्हेगारी गंभीर आहे. २०२४ च्या अखेरीस देशात आणीबाणीही जाहीर झाली होती. अंधार पडल्यावर पायी हिंडू नका, ओळखीच्या गाडीनेच फिरा, निघण्यापूर्वी ताज्या सूचना वाचा. लष्करी छपाईचे कपडे नागरिकांना घालायला कायद्याने बंदी आहे. मुलांची तशी पँट किंवा टोपी बॅगेत नाही ना, बघा. वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकी चपट्या पिनांचे, त्यामुळे ॲडॉप्टर लागेल.

६. टोबॅगो शेवटी

विमानाने साधारण पंचवीस मिनिटं, फेरीबोटीने तीन-साडेतीन तास. समुद्र लागत असेल तर विमानच घ्या. पिजन पॉइंटचा किनारा, बकू रीफचे प्रवाळ आणि समुद्राच्या मधोमध कमरेएवढ्या पाण्याचा नायलॉन पूल सगळेच करतात. एक सकाळ मात्र मेन रिजच्या जंगलाला द्या, ते १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच त्रिनिदादला या. फेरी किंवा छोटं विमान रद्द झालं तर पुढचं महागडं तिकीट हातचं जातं.