आधी ब्रेस हाइट मोजा: रिकर्व धनुष्य (टोकं पुढे वळलेलं) घेऊन हरणाच्या शिकारीला निघण्यापूर्वीची तयारी

ब्रेस हाइट मोजा. धनुष्याला दोरी चढवलेली असताना मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत जे अंतर भरतं, ते. बाकी तयारीत थोडं इकडेतिकडे झालं तर निभावतं, पण हे चुकलं की त्याच्यापुढचं सगळं चुकतं. मागच्या हंगामात माझं इथेच फसलं. जुन्या दोरीवर सगळं जुळवून ठेवलं होतं. निघण्याच्या तोंडावर नवी दोरी चढवली आणि पुन्हा मोजलं नाही. दोरी ताणली गेली, ब्रेस हाइट उतरली, धनुष्य फटकन वाजायला लागलं. त्या आवाजाने हरीण दबलं आणि बाण त्याच्या पाठीवरून गेला. बाण नुसताच गेला हे नशीब. जरा खाली लागता तर जनावर जखमी होऊन पळालं असतं. म्हणून ही यादी आणि म्हणून ब्रेस हाइट तीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

कायद्याचं आधी उरकतो. इथे लिहितोय ते उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, जिथे परवाना, हंगाम आणि टॅग (मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी) यांच्या चौकटीत धनुष्याने शिकार करता येते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे, तिथे हा विषयच नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो: कोलोराडोत धनुष्य किमान ३५ पाउंडाचं (म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर) लागतं, वॉशिंग्टनमध्ये ४० चं. त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाचा. मित्राने सांगितलेलं ऐकून जाऊ नका.

धनुष्यावर छापलेले पाउंड २८ इंच खेचीला (दोरी पूर्ण मागे ओढल्यावरच्या अंतराला) मोजलेले असतात. तुमची खेच २६ इंच असेल तर दर इंचामागे दोन-अडीच पाउंड कमी धरा, म्हणजे ४५ चं धनुष्य तुमच्या हातात ४० च्या आसपास भरतं. पाउंडांचा हट्ट धरू नका. थंडीत तास-दोन तास न हलता बसल्यावर जे हळूच, न थरथरता पूर्ण खेचता येतं, तेच तुमचं धनुष्य.

दोरी चढवायला स्ट्रिंगर (धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवायचा दोर) वापरा. पायात अडकवून चढवली तर लिम्ब, म्हणजे धनुष्याचा वाकणारा भाग, पिळवटतो, आणि पिळवटलेला लिम्ब सरळ करणं फार कटकटीचं. जुन्या धनुष्याला डेक्रॉनचीच (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी लावा. कमी ताणणाऱ्या आधुनिक धाग्याचा झटका जुन्या लिम्बची टोकं सोसत नाहीत, चिरतात. उलट डेक्रॉन ताणते, म्हणून नवी असताना तिच्यावर डोळा ठेवायचा. चढवा, भरपूर बाण सोडा, मोजा. रात्रभर चढवलेली ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. दोन दिवस आकडा हलला नाही की मगच ती दोरी बसली म्हणायची. ६० इंची धनुष्याला ब्रेस हाइट बहुधा ७.५ ते ८.२५ इंच असते, पण तुमच्या धनुष्याच्या निर्मात्याने दिलेली मर्यादा पाहा. खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. दोरी उतरवा, आहे त्याच दिशेने तीन-चार पीळ वाढवा, चढवा, बाण सोडा, कान देऊन ऐका. पीळ वाढला की दोरी आखूड होते आणि ब्रेस हाइट चढते. एका ठिकाणी फटका जाऊन नुसता दबका ‘थप्’ उरतो. तो आकडा तुमचा. कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून लिम्बच्या आतल्या बाजूला लावून टाका, कारण डोक्यात ठेवलेला आकडा आठवड्यात सरकतो.

नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची खूण) काटकोनाच्या पट्टीने बसवा. बाण शेल्फवरूनच (मुठीवरच्या बाण टेकवायच्या कडेवरूनच) सोडणार असाल तर काटकोनापेक्षा १० ते १२ मिलिमीटर वर ठेवून सुरुवात करा. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोरीवर टिचकन बसावा आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटावा, इतकाच घट्ट. शेल्फवरचं केसाळ कातडं किंवा वेल्क्रो झिजलं असेल तर बदला, आणि बदललंत तर बाणांची चाचणी पहिल्यापासून.

आता सायलेन्सर, म्हणजे दोरीचा आवाज दाबणारे गोंडे. बीव्हरच्या किंवा ऑटरच्या फरच्या पट्ट्या असोत की लोकरीचे गोंडे, दोरीच्या पेडांत गुंतवून एक वरच्या आणि एक खालच्या बाजूला, दोन्ही टोकांपासून साधारण पाव ते तृतीयांश अंतरावर लावतात. अगदी सारख्या अंतरावर लावू नका, थोडं कमीजास्त ठेवलं की कंप लवकर मरतो. पेडांत काहीही गुंतवलं की दोरीची लांबी किंचित बदलते. म्हणजे काय? पुन्हा ब्रेस हाइट मोजा. आणि पीळ बदललात तर नॉकिंग पॉइंटही सरकलेला असू शकतो, तोही तपासा.

आवाजाचा एवढा बाऊ कशासाठी, हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी हिशोब देतो. रिकर्वचा शिकारी बाण सेकंदाला १७० फुटांच्या आसपास जातो, आवाज ११०० च्या वर. २० यार्डांवर म्हणजे ६० फुटांवर हरीण उभं असेल तर आवाज पोहोचतो सेकंदाच्या विसाव्या भागात आणि बाणाला लागतो एक तृतीयांश सेकंद. मधल्या वेळात सावध हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं. बाण वेगवान करून ही शर्यत जिंकता येत नाही. धनुष्य शांत करता येतं, आणि धनुष्य शांत होतं ते मुख्यतः योग्य ब्रेस हाइटवर. सायलेन्सर उरलेला आवाज खातात. उतरलेल्या ब्रेस हाइटवर फर लटकवून काही होत नाही.

बाणांना वेळ द्या, इथे घाई करणारा हमखास अडकतो. बाण सुटताना धनुष्याच्या मुठीला वळसा घालत लवतो आणि मग सरळ होतो. हे लवणं धनुष्याशी जुळावं लागतं. बाणाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, किती लवतो त्याला स्पाइन म्हणतात. कार्बनच्या शाफ्टवर ५०० लिहिलं असेल तर २८ इंचांच्या दोन आधारांवर ठेवून मध्ये १.९४ पाउंड वजन टांगल्यावर तो ०.५ इंच लवतो. आकडा जितका मोठा तितका शाफ्ट मऊ. स्पाइनचा तक्ता फक्त सुरुवात सांगतो. खरं उत्तर बिनपिसाचा बाण देतो. पिसांचे दोन-तीन बाण आणि बिनपिसाचे दोन, टोकाला सारखंच वजन, १५ ते २० यार्डांवरून. उजव्या हाताने सोडणाऱ्याचा बिनपिसाचा बाण डावीकडे पडला तर शाफ्ट कडक, उजवीकडे पडला तर मऊ. डावखुऱ्याने उलट धरायचं. कडक असेल तर टोकाचं वजन वाढवा, मऊ असेल तर शाफ्ट पाव-पाव इंच कापा. एकदम कापू नका, कापलेलं जोडता येत नाही. आधी वरखाली जुळवा, मग डावंउजवं. बिनपिसाच्या बाणाची शेपटी वर राहत असेल तर नॉकिंग पॉइंट थोडा खाली आणा. मात्र तो फार खाली गेला तर बाणाचा मागचा भाग शेल्फवर आपटून उसळतो आणि शेपटी खोटंच वर दिसते, म्हणून नेहमी वरून खाली यायचं. आणि ही चाचणी सुरू करण्याआधी? ब्रेस हाइट मोजा, चिकटपट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. ती उतरलेली असेल तर दिवसभर खपून तुम्ही वेगळ्याच धनुष्याचे बाण जुळवून बसाल.

बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या दर पाउंडामागे ९ ते १० ग्रेन (बाण तोलायचं बारीक एकक) ठेवा. ४५ पाउंडांना ४०५ ते ४५० ग्रेन. हलका बाण धनुष्याला झोंबतो, आवाज वाढवतो आणि आतही कमी शिरतो. पिसं खरीच हवीत. प्लॅस्टिकची पाती शेल्फवर आपटल्यावर दुमडत नाहीत, बाणालाच बाजूला ढकलतात.

ब्रॉडहेड (बाणाचं शिकारीचं पातीदार टोक) दोन पात्यांचं, टोकापासूनच कापणारं घ्या. या धनुष्यांच्या ताकदीला उघडमीट करणारी यांत्रिक पाती नकोत. कोलोराडो आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे किमान रुंदी ७/८ इंच आहे, तुमच्या राज्याची पाहून घ्या. वजन सरावाच्या टोकाइतकंच. बाण टोकावर उभा करून बोटांत फिरवा. टोक डगमगत असेल तर तो बाण भात्यात जाणार नाही. ब्रॉडहेड लावून सराव करायलाच हवा, पण फोममध्ये मारलेलं पातं बोथट होतं, तेव्हा सरावाची वेगळी आणि शिकारीची वेगळी. धार इतकी हवी की मनगटावरचे केस निघावेत. यात तडजोड नाही. बाण जनावराला धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो, आणि बोथट पात्याची किंमत ते जनावर तासन्‌तास मोजतं.

ज्या कपड्यांत जाणार त्याच कपड्यांत सराव करा. जाड बाहीला दोरी घासते, म्हणून आर्म गार्ड जॅकेटच्या वरून बांधा. जाड कपड्यांत खेच अर्धा इंच सहज कमी होते आणि बाण कडक असल्यासारखा वागतो. ब्रेस हाइट उतरली असेल तर दोरी बाहीला आणखीच लागते. बसून सोडा, गुडघ्यावर सोडा, उंचावरून सोडा. खालचा लिम्ब मांडीला किंवा मचाणाच्या कडेला लागतो का ते बघा. मचाणावर हार्नेस (पडू न देणारा सुरक्षा पट्टा), जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत.

पिशवीत: जादा दोरी, पण पाकिटातली कोरी नव्हे. वापरून ताणलेली, नॉकिंग पॉइंट आणि सायलेन्सर बसवलेली, तिचीही ब्रेस हाइट चिकटपट्टीवर लिहिलेली. स्ट्रिंगर, दुसरा टॅब (दोरी खेचताना बोटं वाचवणारा तुकडा), मेण, काटकोनाची पट्टी. पट्टी घरी राहिली तर मोजणार कशाने? गरम गाडीत धनुष्य ठेवू नका, लिम्बचे थर सुटू शकतात. पावसासाठी पिसांना पावडर. तळावर पोहोचल्यावर दोरी चढवा, मोजा, चार बाण सोडा, पुन्हा मोजा. रोज पहाटे निघताना एकदा.

वीस यार्डांपलीकडे खात्री नसेल तर सोडू नका. हरीण आडवं किंवा किंचित तुमच्यापासून वळलेलं हवं. समोरून तोंड करून असेल तर थांबा. ताठ मान, कान तुमच्याकडे, तरीही थांबा. बाण लागल्यावर लगेच मागे धावू नका. फुप्फुसाचा नेम असेल तरी अर्धा तास. पोटात लागल्याची शंका असेल तर सहा तासांहून जास्त, नाहीतर ते उठून आणखी लांब जातं. टॉर्च, सुरी, दोर. टॅग राज्याच्या नियमाप्रमाणे लावायचा, आणि मांस लवकर गार करायचं.