वहीतली चूक खोडू नका: पहिली ते पाचवीच्या मुलांचा अभ्यास घेताना या चुका टाळा

रात्रीची जेवणं आटोपली की दप्तर उघडायचं. लाल रेघ दिसली की पाठीत धपाटा, मग खोडरबर, मग बरोबर उत्तर, आणि वर "आता हेच पाच वेळा लिही". आपल्याकडे बऱ्याच घरांत अभ्यास घेणं म्हणजे एवढंच. दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर येते ती एकदम स्वच्छ. मुलाला नेमकं काय आलं नव्हतं, ते मात्र खोडरबराच्या चुऱ्याबरोबर घरीच झाडून टाकलेलं असतं.

मूल सहसा उगाच चुकत नाही. त्याने मनाशी काहीतरी नियम धरलेला असतो आणि त्या नियमाप्रमाणे त्याचं उत्तर बरोबरच असतं. तो नियम हाती लागला तर दुरुस्ती सोपी. नाही लागला तर तीच चूक पाचवीपर्यंत सोबत येते. म्हणून चुकलेल्या उत्तरावर फक्त एक आडवी रेघ मारा आणि विचारा, "हे कसं काढलंस, मला सांग." आवाज चढवलात तर सांगणार नाही, हेही आलंच.

गणितात उत्तर बघू नका, रीत बघा

५२ वजा २७. मुलगा लिहितो ३५. पालक म्हणतात, "गुरुजी, पोऱ्या ध्यानच देस नही." ध्यान पुरेपूर आहे. २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून २ काढले, आले ५. पुढे ५ मधून २ गेले, राहिले ३. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला आधी शिकवलेलं असतं आणि ते तो इमानाने पाळतोय. अशा मुलाला आणखी दहा वजाबाक्या दिल्या तर दहाही अशाच चुकतील.

त्यापेक्षा अंगणातल्या पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या बारीक काड्या मोडून घ्या आणि दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवा आणि त्यातून सत्तावीस मागा. दोन गठ्ठे तो लगेच देतो. मग सात सुट्या द्यायच्या वेळी दोनच हातात आहेत हे बघून अडतो, जरा इकडेतिकडे बघतो आणि तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढतो. ते रबर त्यानेच काढलं पाहिजे. घाई होऊन तुम्ही काढलंत तर सगळं फुकट. एकदा स्वतः काढलं की वहीत ५ चे ४ का झाले आणि २ चे १२ का झाले, हे वेगळं समजवावं लागत नाही. ४८ आणि ३७ ची बेरीज ७१५ लिहिणाऱ्यालाही हेच गठ्ठे द्या, फक्त उलट क्रमाने: पंधरा सुट्या झाल्या की दहांचा गठ्ठा बांधायला लावा.

चौथी-पाचवीत भागाकारातलं शून्य गिळलं जातं. ६१८ भागिले ६, उत्तर १३. इथे काड्या नकोत. गणित मांडण्याआधीच विचारा, "सहाशेला सहाने भागलं तर किती?" शंभर म्हणाला की त्याच्या १३ वर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

संख्या लिहिण्यातल्या चुकांना तर आपण फार लवकर रागावतो. पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो, कारण कानावर आधी पाच पडतात. एकोणसत्तर म्हटलं की ७९ लिहितो, कारण त्याला सत्तर ऐकू आलं आणि नऊ कुठेतरी असतात एवढं आठवलं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस तीन" अशी वाचायची रीत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! विनोद झाले, विधिमंडळात गाजलं. पण जी मुलं इथे अडतात त्यांना ती रीत उपयोगी पडते, हे मी वर्गात बघतो. म्हणून घरी हेका धरू नका की "हे काय शिकवतात, आमच्या वेळी असं नव्हतं". तेवीस आणि वीस तीन, दोन्ही चालू द्या. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या मालिकेवर मात्र वेगळी मेहनत घ्या. आधी तीस लिहायला लावा, मग त्याच्या अलीकडचं घर विचारा.

शाब्दिक उदाहरणात सगळ्यात जास्त नुकसान आपणच करतो. "एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी" हा मंत्र क्लासवाल्यांनी दिला की आई-वडिलांनी, माहीत नाही, पण तो मोडीत काढा. रावेर-फैजपूरकडच्या मुलाला विचारा: घडाला ८ फण्या, एका फणीला १५ केळी, तर एकूण केळी किती? मंत्र पाठ असलेला पटकन २३ म्हणतो. बापाच्या बागेत रोज घड बघणारं पोरगं हे, आणि त्याच्या घडाला तेवीस केळी! तसंच, बाजारात २४ वांगी विकली, १८ उरली, सुरुवातीला किती होती? "उरली" ऐकून तो ६ सांगतो. उदाहरण मोठ्याने वाचू द्या, मग आकडे झाकून नुसती गोष्ट सांगू द्या. गोष्ट सांगता आली की बेरीज का गुणाकार, हे तो स्वतःच ठरवतो.

घरची बोली बंद करू नका

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. पोरगं पहिलीत गेलं की घरात अचानक पुस्तकी मराठी सुरू होते, काही घरांत तर "बेटा, वॉटर पी". आजीला गप्प बसवलं जातं. मूल मग दोन्हीकडे मुकं होतं: घरची भाषा बोलायची लाज आणि शाळेची अजून येत नाही.

आमच्या खानदेशात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारं मूल वहीत जळगावचं "जयगाव" लिहितं, धुळ्याचं "धुये" लिहितं, केळ्याचं "केयं" करतं, पाण्याचं "पानी". कानाने ऐकलं तसं हुबेहूब लिहिलं, म्हणजे ध्वनी आणि अक्षराचं नातं त्याला कळलंय. वाचायला शिकण्यातला अवघड टप्पा तोच असतो. त्याला हसू नका. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा: डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे वहीतला शब्द. डोया आणि डोळा, शाया आणि शाळा, काया आणि काळा. थोडे शब्द झाले की घरचा "य" वहीत कुठे "ळ" होतो हे मूल स्वतःच पकडतं. मग "माय" चा "माळ" करून दाखवणारेही निघतात, त्यावर हसून घ्या.

धडगाव, अक्कलकुव्याकडच्या भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांचं हे अंतर खूप मोठं असतं आणि तिथे दोन रकान्यांनी भागत नाही. शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या कायद्यात, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत तेच सांगतं. म्हणून वर्गात मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिलं तर ते चालवून घ्या, असं शिक्षकांना सांगायला पालकांनी संकोचू नये.

आणखी एक फसवणूक: पाठांतराला वाचन समजणं. धडा घडाघडा म्हणतो म्हणून आई खूश. चित्र झाका आणि शेवटच्या ओळीपासून वर एकेक शब्द बोटाने दाखवा, खरं काय ते कळेल. बसस्टँडवर एसटीची पाटी वाचायला लावा: चोपडा, अमळनेर, शिरपूर, पाचोरा. तिथे पाठांतर चालत नाही. देशभरात २०२१ पासून निपुण भारत हे अभियान चालू आहे. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब जमावेत, हे त्याचं लक्ष्य आहे. शाळा ते शाळेच्या पद्धतीने तपासेल. तुम्हाला एसटीची पाटी पुरे.

इंग्रजीचं थोडक्यात. शब्दांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. मूल ती देवनागरीच वाचतं आणि खालची अक्षरं बघतही नाही.

परिसर अभ्यास गाईडमधून करू नका

"तुमच्या परिसरातील पिके लिहा" या प्रश्नाला यावल तालुक्यातलं मूल भात आणि नारळ लिहितं, कारण गाईडमध्ये तसं छापलंय. दाराबाहेर केळी, मागे कापूस. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक मुद्दाम जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं गेलं ते याचसाठी.

दिशांचा गोंधळही असाच. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच्या बाजूला, म्हणून "उत्तर कुठे?" विचारलं की निम्मी मुलं छताकडे बोट करतात. यावलला असाल तर मुलाला सातपुड्याकडे तोंड करून उभं करा. समोर उत्तर, उजव्या हाताला रावेरची बाजू म्हणजे पूर्व, डाव्या हाताला चोपडा, पश्चिम. पाठीमागे तापी, आणि ती डाव्या हाताकडे वाहत सुरतेला समुद्रात जाते. चाळीसगावकरांनी हेच दक्षिणेच्या डोंगरांकडे पाठ करून करावं. मग नकाशा जमिनीवर पसरा, भिंतीवर टांगू नका. नकाशातली उत्तर आणि डोंगर एका दिशेला आले की "पश्चिमवाहिनी" हा शब्द पाठ करावा लागत नाही.

इतिहासात चौथीला शिवछत्रपती. १६३० आणि १६७४ तोंडपाठ असतात, पण यातलं आधीचं कोणतं विचारलं की काही जण गडबडतात, कारण साल म्हणजे नुसता आकडा. आधी घरातला काळ मांडा. नंदुरबारच्या घरात तर फार छान जमतं: पणजी जन्मली तेव्हा पश्चिम खानदेश, बाबा जन्मले तेव्हा धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ नंतर जन्मलेल्यांचा नंदुरबार जिल्हा. घर जागचं हललं नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला. दोरीवर चिठ्ठ्या लावा आणि तीच दोरी मागे वाढवत शिवाजी महाराजांपर्यंत न्या. दोरी कमी पडते, तेव्हा पोरांना साडेतीनशे वर्षं म्हणजे किती ते कळतं.

फक्त पेपरच्या मार्कांमागे लागू नका

निकालपत्रकातला "ब-१" बघून पेपरवर भांडायला येणाऱ्यांसाठी: सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या पद्धतीत पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक आणि ३० संकलित, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवीला निम्मे-निम्मे. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, छोट्या चाचण्या; संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. म्हणजे दुकानातून तयार प्रकल्प आणून चिकटवला की मुलाचा एक शिकायचा प्रसंगच गेला. शिक्षकाला ते ओळखू येतं, आईचं अक्षर लपत नाही.

दिवाळीनंतर गाव सोडताना

ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत कामाला जाणारी घरं पोराला न सांगता-सवरता घेऊन जातात, आणि परतल्यावर लाजून शाळेकडे फिरकत नाहीत. निघण्याआधी शिक्षकांना भेटा आणि शिक्षण हमी पत्रक मागा. मूल कुठवर शिकलंय ते त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या गावच्या गुरुजींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून तिथली शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि वयाच्या मानाने योग्य वर्गात बसवणं कायद्यातच आहे.

पालक सभेला आलात की "अभ्यासात कसा आहे?" असं विचारू नका, त्यावर "बरा आहे" एवढंच उत्तर मिळतं. वही सोबत आणा, आडवी रेघ मारलेलं गणित उघडून दाखवा आणि विचारा, "इथे तो काय समजून चालला आहे?" आणि घरी अभ्यासाला वेळच नसेल, तर निदान स्वयंपाक करता करता आजीला विचारू द्या, "आज शायामा काय शिकाडं रे?" मूल आजीला समजावून सांगतं तेव्हा कुठे अडखळतं ते कान देऊन ऐका आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच चिठ्ठीवर लिहून पाठवा.