केगात कोंबुचा मुरवताना या चुका टाळा

लोणचं घातलं त्याच दिवशी कोणी पानात वाढत नाही. बरणीला दादरा बांधायचा आणि वाट बघायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. पण तीच माणसं सकाळी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, केगात (दाबाखाली पेय साठवायच्या स्टीलच्या पिंपात) भरतात आणि संध्याकाळी कार्बन डायऑक्साइड गॅस जोडून नळाखाली ग्लास धरतात. मग मला फोन येतो: घशाला ओरखडे काढतो, यीस्टचा वास मारतो, गढूळ दिसतो. अहो, गॅसने बुडबुडे येतात, चव मुरत नाही. यीस्ट तळाला बसायला आणि आंबटपणाची धार जायला थंडीत वेळ द्यावा लागतो. मी तीन आठवड्यांच्या आत केगाला नळ लावत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कोंबुचा गोड असतानाच केग बंद करणं. "आत होईल की आंबट," असं म्हणतात. होत नाही. आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना हवा लागते आणि बंद केगात ती नसते. यीस्टचं मात्र हवेवाचून अडत नाही. ते उरलेली साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार होतं. म्हणजे चव जागच्या जागी, आणि दाब व अल्कोहोल वाढत जाणार. घरात लहान मुलं पिणार असतील तर हे फार गांभीर्याने घ्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापुरात महापूर आला तेव्हा माझ्या फ्रीजमध्ये १९ लिटरचे दोन केग होते. एक नीट आंबवून भरलेला. दुसरा भाचीच्या बारशासाठी घाईने सहाव्याच दिवशी भरलेला, जवळजवळ सरबत. आमच्या गल्लीतली वीज गेली ती चार दिवस आली नाही. वीज आल्यावर पहिल्या केगाच्या झाकणावरची, दाब सोडायची रिंग ओढली तर थोडीशी फुस्स झाली. दुसऱ्याची ओढली आणि तपकिरी फवारा थेट छताला लागला. अर्धा केग फेस होऊन गेला. छतावरचे चहाचे डाग दिवाळीच्या रंगकामापर्यंत तसेच होते.

तेव्हापासून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) तीनच्या आसपास आल्याशिवाय आणि चमचाभर चाखून गोडी मागे गेल्याची खात्री झाल्याशिवाय मी केगाला हात लावत नाही. भरण्याआधी बरणी एक दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, बराच गाळ तिथंच बसतो. मे महिन्यात इथं पारा ३७-३८ अंशांवर जातो, त्यामुळं केग "जरा वेळ" बाहेर ठेवणं हा प्रकार माझ्याकडे नाहीच. आणि चुकून दाब चढलाच, तर लगेच रिंग ओढू नका. केग दोन दिवस गार करा, गार पाण्यात गॅस जास्त मुरतो. मग थोडा थोडा सोडा.

दुसरी चूक झाकणाची. या केगाचं झाकण आतल्या दाबानेच घट्ट बसतं. नुसती कडी लावली म्हणजे बंद झालं असं नाही. फटीतून हवा गेली की तेच आंबट जिवाणू जागे होतात आणि तीन आठवड्यांनी तुमच्या हातात व्हिनेगर येतं. भरल्या भरल्या ३० पीएसआय (हे दाबाचं माप) गॅस द्या, झाकण वर ओढून धरा, मग रिंग ओढून गॅस सोडा. असं पाच वेळा केलं की आतली बहुतेक हवा निघून जाते. पुन्हा गॅस भरून झाकणाच्या कडेला आणि गॅस आत जायच्या व पेय बाहेर यायच्या दोन्ही तोंडांना साबणाचं पाणी लावा. अर्धा मिनिट डोळे लावून बघा. टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा फुगताना दिसला तरी तिथलं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग, बदला.

गॅसवरून आठवलं. इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, वेल्डिंगचा, फाउंड्रीचा कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, म्हणून तोच सिलिंडर आणणारे आहेत. तो यंत्रांसाठी आहे, पोटासाठी नाही. खाद्यपदार्थांसाठीचाच मागा. सिलिंडर उभा ठेवा आणि बंद खोलीत ठेवू नका.

केग हलवून हलवून ३० पीएसआयवर तासाभरात गॅस मुरवण्याची युक्ती मला अजिबात पटत नाही. तीन आठवडे खाली बसवलेला गाळ एका मिनिटात वर आणायचा? ४ अंशांवर १२ पीएसआय लावून आठवडाभर विसरून जा. फेस बारीक येतो आणि टिकतो.

साखरेऐवजी गूळ घालणार असाल तर पिवळाधमक ढेप घेऊ नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रोस पावडरीचा (गूळ उजळ करायच्या गंधकयुक्त रसायनाचा) असतो, आणि त्यातला गंधक मला मुरलेल्या कोंबुचात जाणवतो. काळपट, बिनरसायनाचा गूळ मागून घ्या. त्याचा गाळ जास्त पडतो, म्हणून मी आणखी एक आठवडा थांबतो.

आल्याचे तुकडे सुटे टाकू नका, पेय वर ओढणारी केगातली नळी तुंबते. पितळी जोड वापरू नका, आंबट पाणी धातू खातं. आल्याचा केग साध्या कोंबुचासाठी घेताना रबरं बदला, वास जात नाही.

नळ सुरू केल्यावर पहिला ग्लास गढूळ येईल. तो ओतून टाका आणि दुसरा उजेडात धरून बघा.